नेक्स्टक्लाउडमधल्या काही फाइल्स लॅपटॉपवर उतरतच नाहीत, काय करू?

तुम्ही लिहिलंय की लिनक्स मिंटच्या लॅपटॉपवर नेक्स्टक्लाउडचा क्लायंट (सर्व्हरवरच्या फाइल्स लॅपटॉपवर आणून जुळवत ठेवणारा प्रोग्राम) आहे, १,२०० च्या आसपास फाइल्स नीट आल्या, पण १४ काही केल्या येत नाहीत. त्याच फाइल्स ब्राउझरमध्ये उघडतात, सहकाऱ्याच्या विंडोजवरही येतात. क्लायंट दोनदा काढून परत टाकून झालाय. आता तिसऱ्यांदा नका काढू.

तुमच्या प्रश्नात जाता जाता एक वाक्य आलंय: 'अडकलेल्या सगळ्या मराठी नावांच्या आहेत, पण छोट्या नावाच्या मराठी फाइल्स मात्र आल्या.' पाणी तिथेच मुरतंय.

माझंही असंच झालं होतं. दोन संध्याकाळी मी नेटला शिव्या घालण्यात घालवल्या. अडलेल्या फाइलचं नाव होतं 'ग्रामपंचायत_मासिक_सभेचे_इतिवृत्त_आणि_उपस्थिती_पत्रक', आणि शेवटी पीडीएफचं शेपूट. आपण वाचतो तेव्हा ही जेमतेम २५ अक्षरं. पण कॉम्प्युटर काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजतो, म्हणजे झाली ४५. त्यातलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) ३ बाइट जागा घेतं: १३५. वर ६ अंडरस्कोअर आणि शेपटाचे ४. एकूण १४५ बाइट.

लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ पद्धतीने मांडलेल्या डिस्कवर नावाला २५५ बाइटपर्यंत जागा असते, तेव्हा १४५ ला अडायचं कारण नाही. पण मिंट इन्स्टॉल करताना 'होम फोल्डर एन्क्रिप्ट करा' असा एक पर्याय येतो, तो मी निवडला होता (तुम्हीही निवडला असणार). त्यामागे ईक्रिप्टएफएस नावाचं फाइल्स कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर असतं. ते फाइलच्या मजकुराबरोबर नावही कुलूपबंद करतं, आणि कुलूपबंद नाव मूळ नावापेक्षा बरंच फुगतं. ते २५५ मध्ये बसवायचं तर मूळ नावाला उरतात १४३ बाइट. माझी फाइल २ बाइटनी अडली! विंडोजची डिस्क-मांडणी, एनटीएफएस, बाइट मोजत नाही, २५५ चिन्हं चालवून घेते, म्हणून सहकाऱ्याकडे सगळं आलबेल.

खात्री करायला क्लायंटला मधे आणूच नका. ब्राउझरमधून अडलेल्या फाइलचं नाव कॉपी करा, होम फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल बनवा आणि तिला ते नाव द्या. नाव फार लांब आहे म्हणून नकार आला, आणि तीच गोष्ट होमच्या बाहेरच्या टीएमपी (/tmp) फोल्डरमध्ये बिनबोभाट झाली, तर निदान पक्कं. टर्मिनलमध्ये 'माउंट' कमांड चालवलीत तरी यादीत ईक्रिप्टएफएस दिसेल.

उपाय सोपा आहे: ब्राउझरमधूनच नाव छोटं करा. मी फक्त 'मासिक' हा शब्द काढला, नाव १२९ बाइटवर आलं आणि फाइल मिनिटभरात उतरली. अगदी १४३ ला टेकवू नका. फाइल उतरत असताना क्लायंट तिला तात्पुरतं नाव देतो, पुढे एक टिंब आणि मागे दहाएक अक्षरं जोडून, त्यालाही जागा लागते. ढोबळ हिशेब: काना-मात्रा धरून चाळीस चिन्हांच्या आत राहा. फोल्डरच्या नावालाही हाच नियम, आणि फोल्डरच अडला तर आतलं सगळंच अडतं. मात्र नाव सर्व्हरवर बदललं की ते सगळ्यांकडे बदलतं, तेव्हा ऑफिसात आधी सांगून ठेवा.

सिंकचा फोल्डर एन्क्रिप्टेड होमच्या बाहेर हलवला तरी प्रश्न सुटतो, पण मग लॅपटॉप चोरीला गेला तर कागद उघडे. लोकांची आधार-बँक माहिती असेल तर मी ते करणार नाही. पुढे कधी मिंट नव्याने टाकाल तेव्हा होमऐवजी अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करा. त्यात नावांची लांबी कमी होत नाही.

नाव छोटं करूनही एखादी अडलीच, तर डिस्कवर जागा किती उरलीय ते बघा. कुठल्या डाउनलोडमुळे २५० एमबीपेक्षा कमी जागा उरणार असेल, तर क्लायंट ते सोडून देतो. तेही नसेल तर क्लायंटच्या अॅक्टिव्हिटीत त्या फाइलसमोर आलेली ओळ जशीच्या तशी इथे टाका, बघतो.