सशाच्या एका डोळ्यातनं सारखं पांढरं पाणी येतंय, मेडिकलमधले ड्रॉप्स घालू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की निपाणीत राहता, ससा दोन वर्षांचा आहे, पांढरा, लाल डोळ्यांचा, डाव्या डोळ्यातनं आठवडाभर पांढरट चिकट पाणी येतंय, खालची लव भिजून गळालीय, आणि मेडिकलवाल्यानं माणसांचे ड्रॉप्स दिलेत ते घालू का. आधी याचंच उत्तर देतो. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय एक थेंब पण घालू नका. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असलं काही नाव असेल तर त्यात स्टिरॉइड आहे, आणि डोळ्यावर कुठं ओरखडा किंवा जखम असेल तर स्टिरॉइडनं ती भरत नाही, उलट खोल जाते, वेळेला डोळा फुटतो सुद्धा. मेडिकलमध्ये "डोळे आलेत" म्हटलं की बऱ्याचदा अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेलीच बाटली हातात देतात. दोनच दिवसात डोळा छान दिसायला लागतो, लाली जाते, आपल्याला वाटतं बरा झाला, आणि जखम मात्र आत वाढत असते.

जखम आहे का नाही हे नुसत्या डोळ्यांनी आपल्याला कळत नाही. डॉक्टर फ्लुरोसिन नावाचा रंग लावतात आणि निळ्या उजेडात बघतात, जखम असेल तर तेवढाच भाग हिरवा चमकतो. पाच मिनिटांचं काम आहे, सशाला दुखत पण नाही. ही तपासणी झाल्याशिवाय स्टिरॉइड नको म्हणजे नकोच. आणि तुमच्यासारख्या पांढऱ्या सशाचा डोळा मुळातच लाल असतो, त्यात रंगद्रव्य नसतं म्हणून, तेवढ्यासाठी घाबरू नका. पापणीची आतली बाजू लाल झालीय का, सुजलीय का, ससा डोळा अर्धा मिटून बसतोय का, ते बघा.

आता जे खरं सांगायचंय ते. एकाच डोळ्यातनं, सारखं, पांढरट पाणी यायला लागलं की सशाच्या बाबतीत डोळ्याच्या आधी दाताचा विचार करायचा. सशाचे सगळे 28 दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला 2-3 मिलीमीटर. गवत चावून चावून ते झिजतात म्हणून ठीक असतं. झिजले नाहीत की वरनं वाढतातच पण मुळं पण उलटी आत, वर डोळ्याकडं सरकतात. आणि डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी नळी नेमकी त्या वरच्या दातांच्या मुळांना लागूनच जाते. मूळ दाबलं की नळी चेपते, पाणी तुंबतं, तुंबलेल्या पाण्यात जंतू वाढतात, आणि तेच पांढरं होऊन डोळ्यातनं बाहेर येतं. सशाला प्रत्येक डोळ्याला निचऱ्याचं भोक एकच असतं, खालच्या पापणीत, माणसाला दोन असतात, त्यामुळं ते एक बंद झालं की दुसरी वाटच नाही. ड्रॉप्स कितीही घाला, घालताय तोवर बरं, बंद केले की परत सुरू.

आमच्याकडच्या मादीला असंच झालेलं, वडगावात आमच्या शेजारी पण दोघांच्या सशांना बघितलंय. आमच्या मादीनं पाला तोंडात घ्यायचा आणि टाकून द्यायचा, हनुवटी ओली, केळं दिलं तर मात्र पटकन खायची. डॉक्टरांनी डोळा बघितला आणि लगेच तोंड उघडून दाढा बघितल्या, मग डोक्याचा एक्स-रे काढला, त्यात वरच्या मुळानं नळीवर दाब दिलाय हे स्पष्ट दिसत होतं. डोळ्यात बधिर करायचा थेंब घालून बारीक नळीनं सलाईन सोडलं, पहिल्यांदा घट्ट पांढरं आणि मग स्वच्छ पाणी नाकातनं आलं. अजून पण मधनंमधनं धुवून घ्यावं लागतं, कारण मुळं काय परत खाली येत नाहीत. पण खाते, पळते, मजेत आहे.

त्यामुळं तुम्ही आजच हे बघा: पुढचे दात सरळ एकमेकांवर बसतात का वाकडे गेलेत, हनुवटी ओली आहे का, कडक खायचं टाळतोय का, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूची लव चिकटून गठ्ठे झालेत का (ससा नाक पायानं पुसतो, तिथं असं दिसलं तर नाकाचं इन्फेक्शन पण असू शकतं). दाढा आपल्याला घरी दिसत नाहीत, जबरदस्तीनं तोंड उघडायला जाऊ नका, ससा दचकून जोरात लाथ मारतो त्यात त्याचाच मणका मोडू शकतो.

सगळंच दातामुळं असतं असं पण नाही. तुमचा पिंजरा मागच्या दाराला तंबाखूच्या वखारीकडं आहे म्हणालात, ती धूळ माणसाच्या डोळ्याला झोंबते तर सशाचं काय, आधी पिंजरा तिथनं हलवा. पावसाळ्यात आपल्याकडं लोक पिंजरा आत कोपऱ्यात नेऊन ठेवतात, दारं खिडक्या बंद, आणि मुताचा वास कोंडतो, त्या अमोनियानं दोन्ही डोळे चुरचुरतात. वाकून पिंजऱ्याजवळ नाक न्या, तुम्हाला वास आला म्हणजे त्याला दिवसभर येतोय. खाली भाताचं पिंजर घालत असाल तर झटकून घाला, त्यात धूळ फार असते. आणि दिवाळीनंतर वाळलेलं गवत आणता तेव्हा कुसळं बघा, एखादं कुसळ पापणीच्या आत अडकलं की डोळा एकदम मिटतो आणि पाण्याची धार लागते. असं झालं तर चिमट्यानं स्वतः काढायला जाऊ नका, सरळ डॉक्टरकडं.

काही गोष्टीत तर त्याच दिवशी जायला पाहिजे. डोळा बाहेर आल्यासारखा दिसतोय तर बहुतेक वेळा मागं दाताच्या मुळापाशी गळू झालेलं असतं, सशाचा पू चक्क्यासारखा घट्ट असतो, तो आपोआप वाहून जात नाही. बाहुलीच्या आत पांढरा गोळा दिसतोय तर एन्सेफॅलिटोझून कुनिक्युली नावाचा सूक्ष्म परजीवी असू शकतो, तो आईकडनं पोटातच पिल्लाला लागतो आणि डोळ्यातलं भिंग फुटतं, यात मान वाकडी होणं पण येतं. त्याला फेनबेंडाझोल देतात, तेच जनावरांचं जंताचं औषध, पण गोठ्यातली बाटली काढून अंदाजानं पाजू नका, डोस वजनावर डॉक्टरांनीच ठरवायचा. आणि सगळ्यात मोठं, ससा बारा तास काही खात नसेल किंवा लेंड्या बंद झाल्या असतील तर डोळा राहू द्या बाजूला, ते पोट थांबल्याचं लक्षण आहे आणि त्यात जीव जातो.

डॉक्टरकडं जाईपर्यंत एवढंच करा. मेडिकलमधनं साधं नॉर्मल सलाईन आणा, कोमट करून गॉजच्या तुकड्यावर घ्या, आधी वाळलेली चिकटी भिजू द्या मग डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यापासनं बाहेर हळू पुसा, दुसऱ्या डोळ्याला दुसरा तुकडा. नंतर कातडी कोरडी करा हे विसरू नका, ओल्या लवेवर माश्या बसून अळ्या पडतात. गुलाबपाणी, मध, हळद, एरंडेल, काजळ, बाळंतिणीचं दूध, यातलं काहीच नको. आणि तोंडानं अँटिबायोटिक स्वतःच्या मनानं अजिबात नाही, अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन ही आपल्या घरात पडलेली औषधं तोंडानं दिली तर सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससा जुलाबानं जातो.

डॉक्टर कुठला, तर सरकारी दवाखान्यात जास्त करून गाई-म्हशीच बघतात, तरी फोन करून विचारा "ससा बघता का, दाताचा एक्स-रे होतो का, रंग लावून डोळा तपासता का". निपाणीवरनं बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, तिथं आधी चौकशी करा. केस अवघड निघाली तर त्याच हायवेवर पुढं शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा, ससा उष्णता सोसत नाही. आणि भूल द्यायची असली तरी उपाशी नेऊ नका, सशाला उलटी होतच नाही, उपाशी ठेवलं तर पोट थांबतं. कुत्र्याची सवय असलेले लोक उपाशी आणा म्हणतात, तेव्हा नम्रपणे पण नक्की विचारा.

खाण्याचं पण बदला ताई, चपाती, बिस्किट आणि गाजर यावर ससा ठेवलाय असं लिहिलंय त्यावरनंच मला दाताचा संशय जास्त येतोय. दिवसभर गवत समोर पाहिजे, हरळी, हत्तीगवत, वाळलेलं गवत, फवारणी झालेल्या बांधावरचं सोडून. लसूणघास थोडाच, मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. बदल एकदम नको, आठवडा-दोन आठवड्यात हळूहळू करा.

तुमच्या मुलीनं विचारलंय एक डोळा गेला तर ससा जगेल का. तिला सांगा, जगतो, आणि चांगला जगतो, कितीतरी ससे एका डोळ्यावर वर्षानुवर्षे राहतात. फक्त आंधळ्या बाजूनं एकदम हात घालायचा नाही, आधी हाक मारायची मग जवळ जायचं, आणि पाण्याचं भांडं, गवताची जागा सारखी बदलायची नाही.