क्लेरेनची कंपनी: आधी भट्टीवाला धरा, मग बाटली

प्रश्न थोडक्यात असा: न्यूयॉर्कमधले तुम्ही तिघे मित्र, दोघांचं आजोळ हैतीत, क्लेरेन ही तिथली उसाची दारू हैतीचा वारसा म्हणून विकायची आहे. मग ती तिथेच न्यूयॉर्कात गाळावी की हैतीतून आणावी?

आणा. मळी मागवून न्यूयॉर्कात गाळलीत तर रम होईल, कदाचित उत्तमही होईल, पण क्लेरेन होणार नाही. आपल्याकडे साखर कारखान्याच्या मळीतून स्पिरिट निघतं, क्लेरेनचा जीव मात्र ताज्या रसात असतो. ऊस तोडला की लगेच गाळप, विकतचं यीस्ट न घालता रस आपोआप आंबू द्यायचा आणि चिपाडाच्या जाळावर भट्टी लावायची. अशा भट्टीला तिथे गिल्डीव्ह म्हणतात. त्या शेकड्यांनी आहेत आणि एकीची चव दुसरीला नाही. साजू या भट्टीवाल्याची क्लेरेन क्रिस्टलीन जातीच्या उसाची, व्हावाल या दुसऱ्याची मादाम मेझ जातीची. बारादेर गावचा काझिमीर आंबवतानाच गवती चहा, आलं टाकतो. पिन्यों गावच्या ल रोशे भट्टीत मात्र रसाची आधी काकवी करतात.

ही नावं बाहेरच्या जगाला कळली ती वेलिएर या इटालियन कंपनीच्या लुका गारगानोमुळे. त्याचं सगळंच मला पटतं असं नाही, पण बाटलीवर गाळणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात टाकलं हे पटतं. तुम्हीही तेच करा. १८०४ला गुलामगिरी झुगारून देश स्वतंत्र झाला, लोकांनी मळ्यांकडे पाठ फिरवून स्वतःचे तुकडे कसले. या छोट्या भट्ट्या त्याच जमिनीवरच्या. लेबलवर कवट्या आणि वूडूची चित्रं छापण्यापेक्षा हे दोन ओळींत सांगा. गेदे या वूडूतल्या मृतांच्या दैवतांना मिरच्या घातलेली क्लेरेन वाहतात, तो लोकांचा देवधर्म आहे, सजावट नव्हे.

आता कटकटीचं. आयातीसाठी टीटीबी या अमेरिकी मद्य-तंबाखू कर खात्याचा फेडरल परमिट लागेल, लेबलची मंजुरी वेगळी. अमेरिकी नियमांत हा माल रममध्ये मोडतो, म्हणजे बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल हवं. शिवाय माल सहसा आयातदार, वितरक, दुकान अशा तीन हातांतून जातो. तिघांचा वाटा वजा करून भट्टीवाल्याला काय उरतं, हा हिशेब पहिल्याच बैठकीत मांडा. तोडणीच्या हंगामात त्याला मजुरी रोख द्यावी लागते, तेव्हा आगाऊ रक्कम करारातच लिहा. तुम्हा तिघा मित्रांमधला करारही वकिलाकडून करून घ्या. दोस्ती आहे म्हणून तर जास्तच.

मित्रांचं आजोळ नेमकं कुठलं ते कळवा. उत्तरेकडचं असेल तर काप-आइसियाँचं बंदर सोयीचं पडेल. दक्षिणेचं असेल तर राजधानी पोर्त-ओ-प्रँसमधून जाणारा रस्ता २०२१पासून टोळ्यांच्या ताब्यात आहे, तेव्हा माल कुठल्या वाटेने काढायचा हे भट्टी ठरवण्याआधीच बघावं लागेल.