शक्तिपीठ महामार्गाला विरोध करणारे कोल्हापूरकर विकासविरोधी आहेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सरकारने रस्ता मंजूर केलाय, लोकांनी त्याच सरकारला भरभरून मतं दिलीत, मग आता आंदोलन कसलं? हा निव्वळ राजकीय विरोध नाही का?

मी कोल्हापूरचाच. माझी स्वतःची जमीन आखणीत नाही, मामांची कागल तालुक्यात आहे. म्हणजे अगदी त्रयस्थही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तुमच्या प्रश्नातलं ‘लोकांनी मतं दिली’ एवढंच आधी धरू, कारण खरी गोम तिथं आहे. मूळ आखणीप्रमाणे वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत सुमारे 802 किलोमीटरचा, बारा जिल्ह्यांतून जाणारा हा रस्ता. 2024 च्या लोकसभेला इथं त्याविरोधात गावोगावी बैठका झाल्या, मोर्चे निघाले. सत्ताधारी पक्षांचे आमदारही ‘आमचा विरोधच आहे’ म्हणून सांगत फिरत होते. मग विधानसभेच्या तोंडावर, ऑक्टोबर 2024 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. शेतकऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. नोव्हेंबरात मतदान झालं आणि जिल्ह्यातल्या दहा जागांपैकी एकही महाविकास आघाडीला मिळाली नाही. पुढं जून 2025 मध्ये मंत्रिमंडळाने याच महामार्गासाठी 20,787 कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली.

आता सांगा, इथल्या मतदाराने रस्त्याला मत दिलं की रस्ता रद्द झाला म्हणून दिलं? ‘आम्ही हा रस्ता करणारच’ असं सभेत सांगून निवडून आले असते, तर माझ्या टीकेतली निम्मी हवा गेली असती. निर्णय चुकीचा म्हटला असता, अनैतिक म्हणायला जीभ धजली नसती. कौल मागायचा एका गोष्टीवर आणि वापरायचा दुसऱ्याच गोष्टीला, हे टक्केवारी खाण्याइतकंच वाईट, असं माझं मत आहे. टक्केवारी निदान कधीतरी पकडली जाते.

जमिनीचं म्हणाल तर मामांचा ऊस नदीच्या पाण्यावर आहे. आठ-दहा खातेदारांची सामाईक पाईपलाईन, मोटर एक, पाळ्या ठरलेल्या. रस्ता गेला की मोबदला मिळणार तो रस्त्याखाली गेलेल्या गटाचा. पलीकडं उरलेल्या बारा गुंठ्यांना पाणी कुठनं न्यायचं, पाईप तोडली तर पुढच्या खातेदारांचं काय, आणि ट्रॅक्टर फिरून किती लांबनं आणायचा, याचा रकाना कुठल्याच अर्जात नाही. शिरोळ-हातकणंगलेकडं तर भीती वेगळीच आहे. तिथं 2019 आणि 2021 चा महापूर लोकांनी माळ्यावर बसून काढलाय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका, हे आकडे पोरांनाही पाठ आहेत. त्या पट्ट्यात आणखी एक उंच भराव म्हणजे पाण्याला आडवा बांध. यावर ‘पूल बांधू, मोऱ्या ठेवू’ एवढंच उत्तर मिळतं.

आणि देवीची पीठं जोडून भाविकांची सोय करायची, हे या रस्त्याचं सांगितलं जाणारं कारण! अंबाबाईला येणाऱ्याची अडचण कोल्हापूर गाठण्याची नाहीच, गाठल्यावर गाडी कुठं लावायची ही आहे. शिवाय साडेतीन पीठांतलं वणीचं अर्धं पीठ या आखणीत नाहीच, पण ते असो.

एकाच बाजूला धोपटतोय असं वाटेल म्हणून सांगतो. महामार्गाच्या जमिनीचा मोबदला ठरवताना ग्रामीण भागातला गुणांक 2 वरून 1 वर आणला गेला, म्हणजे चौपटीचं दुप्पट झालं, ते 2021 साली. तेव्हा सरकार महाविकास आघाडीचं होतं. आज ‘शेतकऱ्याच्या इंचभर जमिनीला हात लावू देणार नाही’ म्हणणाऱ्यांपैकी किती जण तेव्हा मंत्रिमंडळाच्या दारात धरणं धरून बसले होते, ते ज्याचं त्यानं आठवून बघावं.

लाडकी बहीणचंही तेच, मतं मागताना एक आणि नंतर दुसरं. योजनेला माझा विरोध नाही. आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता खर्चता येणारे पैसे आले. त्यांनी सगळ्यात आधी स्वतःचा चष्मा केला. त्या पैशाला ‘रेवडी’ म्हणणाऱ्यांचा मला रागच येतो. पण निवडणुकीआधी आला अर्ज की मंजूर, आणि निवडणूक झाल्यावर पडताळणी, ई-केवायसी, अपात्रता. अडीच लाखांची उत्पन्नाची अट पहिल्या दिवसापासून कागदावर होती ना? 1500 चे 2100 करण्याचं आणि कर्जमाफीचं वचन तर नोव्हेंबर 2024 मध्ये आमच्या कोल्हापुरातल्याच सभेत दिलं होतं. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात 2100 दिसले नाहीत, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अर्थमंत्र्यांनी शेतकऱ्यांना 31 तारखेच्या आत पीककर्ज भरायला सांगितलं. आमच्याकडं बरेच जण माफीच्या आशेने थांबले होते. थकबाकीदार तेच झाले, सभेत बोलणारे नाही.

राहिला प्रश्न ‘मग रस्ताच नको का?’ हा. रत्नागिरी-नागपूर महामार्ग आहेच की. त्याचाच अंकली ते चोकाक हा आमच्या दारातला टप्पा मोबदल्याच्या वादात वर्षानुवर्षं रेंगाळला, आणि वाद कशाचा, तर त्याच चौपट-दुप्पटचा. त्या शेतकऱ्यांना चौपट द्या, तेवढा तुकडा पूर्ण करा. त्यानंतरही नवा रस्ता हवाच वाटला, तर पुढच्या निवडणुकीत जाहीरनाम्याच्या पहिल्या पानावर त्याचा नकाशा छापा आणि मग आमच्याकडं मतं मागायला या.