समाजाचं नाव-गाव

प्रिय लेखिकाबाई,

कादंबरीची पहिली प्रकरणं मिळाली. हॉस्टेलच्या गच्चीवर कपडे वाळत घालता घालता दोघी मैत्रिणी भांडतात, तो प्रसंग फर्मास उतरलाय. तिथे काना-मात्रेलाही हात लावू नकोस. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते सांगतो.

तुझ्या नायिकेला लग्नाच्या फंदात न पडता गावी जाऊन वडिलांची जमीन कसायची आहे आणि 'समाज' तिला ते करू देत नाही, इथवर समजलं. पण हा समाज राहतो कुठे? चार प्रकरणांत त्याने एकदाही चहा घेतलेला नाही, कुणाकडे उसने पैसे मागितलेले नाहीत, त्याचे गुडघे दुखलेले नाहीत. नायिका मात्र जेवते, रडते, चिडते, बसची वाट बघते. एका बाजूला हाडामांसाची मुलगी आणि दुसऱ्या बाजूला नुसता धूर, अशी ही झुंज आहे. वाचक पहिल्याच पानावर मुलीची बाजू घेऊन मोकळा होतो. मग पुढची दोनशे पानं त्याने कशासाठी वाचायची?

'शांतता! कोर्ट चालू आहे' तू पाहिलं असशील, निदान अभ्यासाला तरी असेल. पुन्हा वाच. या खेपेस बेणारेबाईंवरची नजर काढून बाकीच्यांवर ठेव. विजय तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ साली 'रंगायन' या नाट्यसंस्थेने रंगमंचावर आणलं. गोष्ट साधी: गावातल्या एका हॉलमध्ये हौशी नटमंडळी रात्रीच्या प्रयोगाआधी वेळ काढत बसलीत. गंमत म्हणून खोटा खटला चालवू म्हणतात. आरोपी बेणारे, शाळेत शिकवणारी, अविवाहित. आरोप भ्रूणहत्येचा. गमतीगमतीत तिच्या खऱ्या आयुष्याला हात घातला जातो आणि मग कुणालाच थांबायचं नसतं.

आता खटला चालवणारे कोण ते बघ. सुखात्मे वकील, पण वकिली न चालणारा. पोंक्षे इंटर नापास, पण रुबाब शास्त्रज्ञाचा. काशीकर समाजकार्यात मग्न, घरी मूलबाळ नाही. रोकडे त्यांच्या आश्रयाने वाढलेला, मान वर करून बोलायची सवय नसलेला. ही सगळी उणीदुणी नाटकाच्या सुरुवातीला काढतं कोण? बेणारेच. गावातल्या सामंतला मंडळींची ओळख करून देताना ती प्रत्येकाची टोपी उडवते. तासाभराने त्याच माणसांच्या हाती न्यायासन येतं. एरवी ज्यांचं कुणी ऐकून घेत नाही, त्यांना नीतीच्या नावाने बोलायला मिळालं की आवाज कसा चढतो, ते त्या संवादांत ऐकू येतं. नाटकातलं सगळ्यात भयानक मला तेच वाटतं, निकालापेक्षाही.

आणि सामंत! तो तर साधाभोळा, बाईंशी अदबीने वागणारा. साक्षीला उभा केल्यावर काय बोलावं ते सुचेना म्हणून हातातल्या कादंबरीतलंच धडाधड सांगत सुटतो, आणि नेमकं तेच बाईंना जाऊन चिकटतं. त्याच्या मनात पाप नाही. तरी घाव त्याच्याच हातून बसतो. बेणारे निघून जायला दाराशी धावते तर कडी अडकलेली. शेवटी आरोपीला बोलायला काशीकर किती वेळ देतात? दहा सेकंद. त्यानंतरचं तिचं लांबलचक स्वगत प्रेक्षक ऐकतात; मंचावरची माणसं गोठलेली. निकाल लागतो आणि लगेच मंडळी पुन्हा गोडीत येतात. अहो बाई, खेळच होता की हो! मनाला लावून काय घेता!

ही सात-आठ माणसं म्हणजेच समाज. तेंडुलकरांना आणखी कुणाची गरज पडली नाही. तुझ्याकडे तर अख्खं गाव आहे.

त्यातली ती शेजारची काकू, जी एका ओळीत येऊन 'पोरीच्या जातीला हे शोभतं का' म्हणून नाहीशी होते, तिला परत बोलाव. तिच्या पोटात काय दुखतंय? तिच्या लेकीचं लग्न अडलंय का? तिलाही कधीकाळी माहेरच्या जमिनीवर हक्क सांगायचा होता आणि भावांच्या हक्कसोड पत्रावर मुकाट सही करावी लागली होती का? असं असेल तर तिचं वाक्य तेच राहू दे, अर्थ आपोआप बदलेल. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' कादंबरीतला कारभारी आठव. नवख्या मास्तराला वाडीत आधार देणारा तोच. पण मास्तराने त्याच्या लेकीसाठी, अंजीसाठी, शहरातून चोळी शिवून आणली म्हटल्यावर म्हाताऱ्याचं डोकं फिरतं. वाईट माणूस आहे म्हणून नाही, बाप आहे म्हणून.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. तुझ्या नायिकेच्या स्वतःच्या अंगात समाज अजिबातच कसा नाही? असं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढून बस. १९३४पासून भागाभागाने आलेलं आत्मचरित्र, अजून ताजं आहे. वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरात मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. धुतलेल्या मिठाचं काय होत असेल, तूच विचार कर! त्या घरात वाढलेल्या बाईचा नवरा १८९५ साली ख्रिस्ती होतो. बाई काही वर्षं नातेवाइकांकडे काढतात, मग त्याच्याजवळ राहायला येतात, तरी आपली चूल वेगळी ठेवतात. नवऱ्यावर माया आहे, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. पुढे ते सोवळं हळूहळू सुटतं. या सगळ्याकडे मागे वळून बघताना त्या ना स्वतःची कीव करतात ना समाजावर दात-ओठ खातात. स्वतःच्याच हट्टांना हसतात. म्हणून आपल्याला दोन्ही बाजू दिसतात: शिकवलेलं मोडायला किती जड जातं तेही, आणि मोडल्यावर काही आभाळ कोसळत नाही तेही.

तेव्हा तुझ्या नायिकेला कुणाला तरी नावं ठेवू दे. खोलीतल्या मुलीच्या डब्याला, तिच्या भाषेला, आडनावाला. ती ज्या जमिनीवर हक्क सांगते तिथे राबणाऱ्या सालगड्याच्या बायकोला ती कसं हाक मारते, तेही आम्हाला ऐकव.

तिसरं, निवेदनाचं. तुझी नायिका 'मी' म्हणून बोलते, पण कुणाशी? दया पवारांनी १९७८च्या 'बलुतं' या आत्मकथनात ही गाठ मोठ्या खुबीने सोडवली. तिथे दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. माणूस एकच, पण महारवाड्यातला एक, शिकून पांढरपेशांत आलेला दुसरा, आणि दोघांना एकमेकांसमोर बसवल्याशिवाय गोष्ट पुरी सांगता येईना. समाजाने माणूस किती दुभंगवला, हे मांडणीतच आलं. व्याख्यान द्यावं लागलं नाही. तुला याची नक्कल करायची नाहीये, पण तुझी मुलगी गावाकडच्या बोलीत कधी विचार करते आणि पुण्याच्या बोलीत कधी, एवढं तरी ठरव. सध्या ती सगळीकडे वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखी बोलते.

आणि शेतीचं तू गंभीरपणे घेतलेलं दिसत नाही. जमीन एकटीने कसता येत नाही गं. पाळीचं पाणी रात्री दोनला आलं तर बांधावरच्या शेजाऱ्याशी बोलणं असावं लागतं. पेरणीला सावड लागते, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबणं, औजार मागावं लागतं. म्हणजे ज्या गावाशी ती भांडणार, त्याच गावावाचून तिचं पान हलणार नाही. खरी कादंबरी तिथे आहे, आणि तू ती 'पुढे काही महिने गेले' म्हणून उडवून टाकलीस! ते महिने लिही. पहिल्या पावसाआधी तिला सावडीला घ्यायचं की नाही, यावर पारावर काय बोलणं झालं, कोण गप्प बसलं, आणि कोण दुसऱ्या दिवशी न बोलावता बैल घेऊन आलं.

काकूचं प्रकरण आधी लिहून पाठव, बाकीचं सावकाश. आणि कागदावर पाठव. मोबाइलवर वाचलं की समासात खुणा करता येत नाहीत, आणि तुझ्या पानांवर बऱ्याच करायच्या आहेत. आईला नमस्कार सांग.

तुझे,
सर