चिनी ‘हुओ’ला तेज म्हणावं का?

प्रश्न असा: चिनी वैद्यकावरचा लेख मराठीत आणताना ‘फायर एलिमेंट’ला, म्हणजे मूळ चिनी ‘हुओ’ला, तेज म्हणावं, अग्नितत्त्व म्हणावं, की आणखी काही?

‘तेज’ नकोच. तेज म्हटलं की मागोमाग पृथ्वी, आप, वायू, आकाश येऊन बसतात. चिनी पाचांत वायूही नाही नि आकाशही नाही. तिथे लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. ‘तत्त्व’ही मला खटकतं. मूळ शब्द ‘वूशिंग’. वू म्हणजे पाच, आणि शिंग म्हणजे चालणं, जाणं. ‘एलिमेंट’ हे युरोपीय भाषांतरकारांनी चिकटवलेलं लेबल, ते आपण कशाला वाहायचं?

‘शूजिंग’ या प्राचीन ग्रंथातलं ‘होंगफान’ प्रकरण बघा. पाणी भिजवत खाली जातं, आणि अग्नी ‘यान-शांग’, म्हणजे भडकत वर जातो. पदार्थापेक्षा त्याच्या चालीवर भर. पुढे तिथेच म्हटलंय की या वर भडकण्यातून कडू चव येते. तव्यावर विसरलेली पोळी चाखून बघा, लगेच पटेल! उन्हाळा, दक्षिण दिशा, लाल रंग, हृदय हे सगळं याच खात्यात. म्हणून मी ‘वूशिंग’ला ‘पाच प्रवृत्ती’ म्हणेन आणि ‘हुओ’ला नुसतं ‘अग्नी’. फक्त वाचक त्याला जठराग्नी समजेल, तेव्हा पहिल्याच उल्लेखात हृदयाचा संबंध सांगून टाका.

लेखात ‘शांग हुओ’ नक्की भेटेल. शब्दशः ‘अग्नी वर चढला’. तोंड आलं, घसा दुखला, पुटकुळ्या उठल्या की चिनी माणूस असं म्हणतो. तिथे शब्दाला शब्द ठेवू नका, सरळ ‘उष्णता झाली’ लिहा. आपल्या आज्या हेच म्हणतात.

जाता जाता: मंगळाला चिनीत ‘हुओ-शिंग’, अग्नीचा तारा म्हणतात (हा शिंग वेगळा, त्याचा अर्थ तारा). आपला मंगळही अंगारकच, म्हणजे निखारा. आणि ‘हुओ-छ’ म्हणजे? अग्नीची गाडी, आपली आगगाडी! आपण तो शब्द जवळजवळ टाकून दिला. तिकडे विजेवर धावणारी गाडीसुद्धा अजून हुओ-छच आहे.