पोलर कोऑर्डिनेट्समधलं 'दोन आर डॉट थीटा डॉट' कुठून येतं?

तुमचा प्रश्न असा की कार्टेशियनमध्ये ॲक्सिलरेशन म्हणजे सरळ एक्स डबल डॉट, वाय डबल डॉट. मग पोलरमध्ये आर डबल डॉटच्या सोबत ही बाकीची पदं कुठून येतात, त्यातला तो दोन कशाचा, आणि सिलिंड्रिकल, स्फेरिकल कधी घ्यायचं. मी नांदेडला बी.एस्सी.च्या मुलांना मेकॅनिक्स शिकवतो. सूत्र पाठ असलेली मुलं पुष्कळ भेटतात, पण 'का' असं विचारणारी कमी. म्हणून जरा सविस्तर लिहितो. फळ्यासमोर आपण सूत्रं जशी मोठ्याने वाचतो, तशीच इथे लिहिली आहेत: आर म्हणजे ओरिजिनपासूनचं अंतर, थीटा म्हणजे ठरलेल्या रेषेपासून मोजलेला कोन, डॉट म्हणजे वेळेनुसार घेतलेलं डेरिव्हेटिव्ह (डबल डॉट म्हणजे दोनदा), आणि कॅप म्हणजे त्या दिशेचा १ लांबीचा युनिट व्हेक्टर.

सगळी गोम युनिट व्हेक्टरमध्ये आहे. एक्सच्या दिशेचा आय कॅप कायम एकाच दिशेला असतो, कण कुठेही असो. आर कॅपचं तसं नाही. त्याची व्याख्याच 'ओरिजिनपासून कणाकडे' अशी आहे, त्यामुळे कण हलला की तोही वळतो. थीटा कॅप त्याला काटकोनात, म्हणून तोही तेवढाच वळतो. दोघांची लांबी १ च राहते, पण दिशा बदलली म्हणजे व्हेक्टर बदलला, आणि बदलणाऱ्या गोष्टीचं डेरिव्हेटिव्ह शून्य धरता येत नाही. आर कॅपचं डेरिव्हेटिव्ह थीटा डॉट गुणिले थीटा कॅप. थीटा कॅपचं उणे थीटा डॉट गुणिले आर कॅप. उणे अशासाठी की थोडं वळल्यावर थीटा कॅपचं टोक केंद्राकडे झुकतं. कागदावर दोन बाण काढून हे एकदा स्वतः पाहाच, कारण पुढचं सगळं यातूनच निघतं.

कणाची जागा आर गुणिले आर कॅप. तिचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की वेगाचे दोन भाग मिळतात: आर कॅपच्या दिशेने आर डॉट आणि थीटा कॅपच्या दिशेने आर थीटा डॉट. आता ॲक्सिलरेशन. पहिल्या भागातून आर डबल डॉट येतं, शिवाय आर कॅप वळल्यामुळे आर डॉट थीटा डॉट हे एक पद थीटा कॅपच्या दिशेने येतं. दुसऱ्या भागात आर, थीटा डॉट आणि थीटा कॅप अशा तीन गोष्टी बदलतात. आर बदलल्यामुळे पुन्हा आर डॉट थीटा डॉट, थीटा डॉट बदलल्यामुळे आर थीटा डबल डॉट, आणि थीटा कॅप वळल्यामुळे आतल्या दिशेने आर थीटा डॉट वर्ग. तर तुमचा तो दोन म्हणजे दोन वेगवेगळ्या कारणांची बेरीज आहे. एक आर डॉट थीटा डॉट रेडियल वेगाची दिशा वळल्यामुळे, दुसरं अंतर वाढल्यावर आडवा वेग वाढतो म्हणून. दोन्ही नेमकी सारखी निघतात, म्हणून आपण दोन लिहितो.

हे आकड्यांत बघितल्याशिवाय पटत नाही. पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गाच्या एखाद्या सरळ तुकड्यापासून १०० मीटरवर तुम्ही शेतात उभे आहात आणि गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, अशा एकाच वेगाने चालली आहे. गाडीचं ॲक्सिलरेशन शून्य, यात वाद नाही. आता तुम्ही ओरिजिन. गाडी अगदी तुमच्या समोर येते तेव्हा आर १००, आर डॉट शून्य, थीटा डॉट ०.२. त्या क्षणी आर डबल डॉट काढलं तर ४ येतं! गाडी एकसारख्या वेगात आणि आर डबल डॉट ४. पण आर थीटा डॉट वर्ग म्हणजे १०० गुणिले ०.०४, तेही ४. वजाबाकी शून्य.

पाच सेकंद पुढे जा. आर १४१.४ मीटर, आर डॉट १४.१४, थीटा डॉट ०.१, थीटा डबल डॉट उणे ०.०२. आर थीटा डबल डॉट उणे २.८३, आणि दोन आर डॉट थीटा डॉट अधिक २.८३. पुन्हा शून्य. तो दोन विसरलात तर सरळ चाललेल्या गाडीला १.४१ चं खोटं ॲक्सिलरेशन चिकटेल. आणखी एक बघा: आर वर्ग थीटा डॉट दोन्ही वेळी २००० च येतं. थीटाच्या दिशेचं पूर्ण पद म्हणजे आर वर्ग थीटा डॉटचं डेरिव्हेटिव्ह भागिले आर. बल केंद्राच्या रेषेतच असेल तर हे पद शून्य, आणि सूर्याभोवती ग्रहाची त्रिज्या समान काळात समान क्षेत्रफळ कापते हा केप्लरचा १६०९ चा नियम इथूनच मिळतो. मला तरी या विषयातली ही सर्वांत सुंदर जागा वाटते.

काही पुस्तकं दोनवाल्या पदाला कोरिओलिस म्हणतात, आणि हे नाव फिरत्या फ्रेममध्ये जाणवणाऱ्या बलाचंही आहे, त्यामुळे 'फ्रेम फिरतेय का?' असा गोंधळ होतो. इथे फ्रेम फिरत नाही. तुम्ही शेतात स्थिर उभे आहात, फक्त दिशा मोजायचे बाण वळतात.

सिलिंड्रिकल सोपं आहे: पोलर घ्या आणि झेड, म्हणजे अक्षाच्या दिशेची उंची, जोडा. झेड कॅप वळत नाही, म्हणून त्याचं पद नुसतं झेड डबल डॉट. देवगिरीच्या चांद मिनारासारख्या मनोऱ्यात कुणी गोल जिन्याने एकसारख्या चालीने वर चढत असेल, तर ॲक्सिलरेशन फक्त अक्षाकडे. चढण्याच्या वेगाचा त्यात वाटाच नाही.

स्फेरिकलसाठी नांदेडच घ्या. अक्षांश सुमारे १९.१५ अंश उत्तर, म्हणून उत्तर ध्रुवापासून मोजलेला थीटा ७०.८५ अंश. पृथ्वी फिरते तेव्हा नांदेडचा आर स्थिर, थीटा स्थिर, फक्त फाय, म्हणजे अक्षाभोवतीचा कोन, बदलतो. वेग आर साइन थीटा फाय डॉट, म्हणजे सेकंदाला साधारण ४४० मीटर. आणि ॲक्सिलरेशन? खाली केंद्राकडे सुमारे ०.०३०, शिवाय उत्तरेकडे सुमारे ०.०१० मीटर प्रति सेकंद वर्ग. थीटा बदलतच नाही तरी थीटाच्या दिशेने पद आहे, कारण आपण पृथ्वीच्या केंद्राभोवती फिरत नाही, अक्षाभोवती फिरतो, आणि ती दिशा या दोन भागांत वाटली जाते.

निवड गतीचा आकार बघून करायची. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी उभ्या राहणाऱ्या लायगो वेधशाळेच्या ४ किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात आहेत. त्यातल्या लेसरसाठी कार्टेशियनच बरं. पण गुरुत्वीय लहर आकाशात कुठून आली हे सांगायला दोन कोन लागतात, आणि ती लहर निर्माण करणाऱ्या, एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांसाठी पोलर.

पेपर लिहिताना दोन गोष्टी सांभाळा. सिलिंड्रिकलमधलं अंतर अक्षापासून मोजतात, स्फेरिकलमधला आर ओरिजिनपासून. आणि गणिताची बरीच पुस्तकं थीटा-फायची अदलाबदल करतात, म्हणून उत्तराच्या सुरुवातीलाच आकृती काढून कोणता कोन कुठून मोजला ते लिहा.