सोलापुरात बीए करतोय, कॉलेजात करिअरसाठी कसलीच मदत नाही, काय करू?

तू लिहिलंयस की एस.वाय.ला आहेस, विषय इतिहास, मोहोळहून रोज एसटीने ये-जा करतोस. चुलत बहीण पुण्यात लिबरल आर्ट्सला आहे, तिच्याकडे करिअर ऑफिस आहे, तिथे सीव्ही तपासून देतात, इंटर्नशिप बघून देतात, मुलाखतीची तयारी करून घेतात, आणि तुमच्याकडे नोटीस बोर्डावर पोलीस भरतीचं कात्रण. म्हणून विचारतोयस की बीए घेऊन चूक केली का. मी वयाने मोठी आहे म्हणून अरेतुरे करते, राग मानू नको.

चूक केलेली नाहीस. लिबरल आर्ट्स हे नाव आपल्याकडे नवीन आहे, सिंबायोसिसचं लिबरल आर्ट्स कॉलेज 2011 ला आलं, फ्लेम 2015 ला युनिव्हर्सिटी झाली, पण तिथे शिकवतात ते इतिहास, इकॉनॉमिक्स, मानसशास्त्र, भाषा हेच सगळं. म्हणजे बऱ्याच अंशी आपलं बीएच. फीमध्ये फरक आहे तो आहेच, पण खरा फरक पडतो तो त्या ऑफिसमुळे, आणि ते ऑफिस नक्की काय करतं हे मला फार उशिरा कळलं म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलेय.

मी बीए इकॉनॉमिक्स, 2013 ची पासआउट, सोलापूरचीच. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड. आई विड्या वळायची. आमच्या कॉलेजात वर्षातून एकदा व्यक्तिमत्त्व विकासावर व्याख्यान व्हायचं, बॅनर लागायचा, फोटो काढायचे, झालं. मी पण डिग्री हातात आल्यावर वर्षभर घरी बसून फॉर्म भरत होते, तलाठी, बँक, पोस्ट, जे निघेल ते. सीव्ही केला होता तो झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर, त्याच्याकडे तयार नमुना असायचा, त्यात फक्त नाव बदलून 30 रुपये द्यायचे. छंदात वाचन आणि गाणी ऐकणं. शेवटी 'वर दिलेली माहिती खरी आहे' वगैरे आणि सही.

तो कागद घेऊन मी आमच्याच कॉलेजच्या एका सीनियर ताईला भेटले, पार्क चौकातल्या एका हॉटेलात. ती एका संस्थेत सर्व्हेचं काम बघायची. तिने कागद वाचला, पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन टेकवून म्हणाली, हे राहू दे, तीन वर्षांत तू काय काय केलंस ते सांग. मी म्हटलं काही नाही. ती गप्प बसून राहिली. मग मी म्हटलं, टी.वाय.ला प्रोजेक्ट होता, विडी कामगार बायकांचा. किती घरं? 60. कोणत्या भाषेत विचारलंस? निम्म्या ठिकाणी तेलुगू, बाकी मराठी. काय विचारलंस? दिवसाला किती विड्या होतात, हजाराला मजुरी किती मिळते, कारखान्यात किती बाद करतात, पैसे कुणाच्या हातात जातात. बायका खरं सांगायच्या? नाही, पहिल्यांदा नाही, मग मी पण त्यांच्याबरोबर पानं कापायला बसायचे, मग सांगायच्या. एवढं ऐकल्यावर तिने कागदावर लिहिलं, दोन भाषांत 60 कुटुंबांचा सर्व्हे, प्रश्नावली स्वतः तयार केली, सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये. मला म्हणाली, आणि तू काही नाही म्हणतेस होय?

त्या एका ओळीवर मला पहिली नोकरी लागली, महिना 8 हजार, फील्डवर फिरायचं. आज मी अशाच सर्व्हेच्या प्रश्नावल्या बनवते, घर चालतंय, कामाबद्दल लई समाधान आहे. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

तुझ्या बहिणीच्या ऑफिसात होतं ते हेच. नोकरी कुणी खिशातून काढून देत नाही. तू जे केलंयस त्याला कामाच्या भाषेत नाव कसं द्यायचं ते शिकवतात, तुझ्या दोन पावलं पुढे असलेल्या माणसांशी गाठ घालून देतात, आणि हे शेवटच्या परीक्षेनंतर नाही तर पहिल्या वर्षापासून करतात. हे तिन्ही सोलापुरात बसून करता येतं, कष्ट जास्त पडतील एवढंच.

माणसं कुठे शोधायची? कॉलेजातच. नॅकला, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेला, माजी विद्यार्थ्यांची माहिती द्यावी लागते, करिअर मार्गदर्शन काय केलं तेही दाखवावं लागतं, म्हणजे तुझ्याआधी इतिहास घेऊन बाहेर पडलेल्या पोरांची यादी कुठल्यातरी फाईलमध्ये नक्की आहे. विभागप्रमुखांना नीट विनंती कर, नंबर द्यायला कचरले तर म्हण सर तुम्हीच त्यांना विचारून बघा. पाच जण तरी गाठायचे. मेसेज असा टाक, नमस्कार, मी तुमच्याच कॉलेजात एस.वाय.ला इतिहास घेऊन शिकतोय, मला नोकरी मागायची नाहीये, तुमच्या कामाबद्दल 15 मिनिटं बोलायचंय, कधी फोन करू. आणि फोनवर तीनच गोष्टी विचार, दिवसभर नक्की काय काम करता, पहिलं काम कसं मिळालं, माझ्या जागी असता तर आत्ता काय केलं असतं. दोघं उत्तर देणार नाहीत, वाईट वाटून घेऊ नको. जे बोलतील त्यांना महिन्याभराने कळव की तुम्ही सांगितलेलं मी केलं. हे कुणीच करत नाही, म्हणून ते तुला लक्षात ठेवतील.

दुसरं म्हणजे नवीन शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग आणि फील्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. इथे हात जोडून सांगते, मामाच्या दुकानाचा शिक्का मारून सर्टिफिकेट आणू नको. पोरं सर्रास आणतात, सर पण घेतात, आणि बीएच्या तीन वर्षांत बाहेरचं काम बघायची जी एक संधी होती ती जाते. तू इतिहासवाला आहेस आणि सोलापुरात आहेस. 1930 च्या मे महिन्यात या गावात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लागला होता, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 ला फाशी दिली. त्यांच्या चार पुतळ्यांसमोरून तू कितीतरी वेळा गेला असशील. हे सगळं आठवीतल्या पोराला कळेल असं 20 मिनिटांत सांगता येतं का बघ. किल्ला, सिद्धेश्वर मंदिर, पुतळे असा फिरायचा एक रस्ता ठरव, आधी मित्रांना ने, मग एखाद्या शाळेला विचार. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरला जाणारे लोक सोलापुरात उतरतात आणि गाव न बघता निघून जातात. किंवा गिरण्या बघितलेली म्हातारी माणसं अजून आहेत, दहा जणांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड कर, लिहून काढ, अर्थात त्यांना विचारूनच. मग सीव्हीत इतिहासाची आवड लिहायची गरजच राहणार नाही, दहा मुलाखती आणि एक हेरिटेज वॉक लिहिशील, आणि समोरचा त्यावरच प्रश्न विचारेल.

आवाज बरा असेल तर सोलापूर आकाशवाणीवर लक्ष ठेव, नैमित्तिक उद्घोषकांसाठी अधूनमधून ऑडिशन निघतात. आणि घरी कन्नड किंवा तेलुगू बोलत असाल तर ते लपवू नको. आपल्याकडच्या पोरांना वाटतं इंग्रजी येत नाही म्हणजे काहीच येत नाही, पण दोन-तीन भाषांत माणसांशी बोलून माहिती आणणारा माणूस शोधताना आम्हाला घाम फुटतो हे मी रोज बघते. इंग्रजी मात्र वाढव, रोज एक ईमेल इंग्रजीत लिहायचा आणि कुणालातरी दाखवायचा, क्लासला पैसे घालवू नको.

पुढच्या शिक्षणाचं म्हणशील तर टीआयएसएसचा, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा कॅम्पस तुळजापुरात आहे, सोलापूरपासून तासाभरावर, सोशल वर्क आणि ग्रामीण विकासात एमए करता येतं, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पोरांना हे माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं. त्यासाठी सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यायची, तीच परीक्षा हैदराबादच्या सेंट्रल युनिव्हर्सिटीलाही चालते. बीएड आणि तीन वर्षांच्या एलएलबीला राज्याची सीईटी आहे. डिग्रीनंतर लगेच कमवायचंच असेल तर 2024 ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, त्यात पदवीधराला महिना 10 हजार विद्यावेतन ठरवलं होतं, महास्वयम या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर तेव्हा काय चालू आहे ते बघून घे.

एमपीएससीबद्दल, कारण घरचे ते म्हणणारच. करायची तर कर, राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीये, लिहायची सवय असलेल्या इतिहासवाल्याला ते बरंच आहे. पण किती वर्षं ते आजच कागदावर लिहून वडिलांना दे. माझ्या वर्गातले दोघं हुशार होते, अजून पुण्यात पेठेतल्या रूमवर अभ्यास करतायत, 30 कधीच ओलांडली, आता घरी फोन करायला पण संकोचतात. अभ्यास करताना आठवड्यातले दोन दिवस कुठलंतरी काम चालू ठेव, भले पैसे कमी मिळू देत.

या आठवड्यात एवढं कर, मोहोळ ते सोलापूर एसटीत बसलास की मोबाईलवर गेल्या दीड वर्षात केलेल्या गोष्टी लिहून काढ. गणपती मंडळाचा हिशोब, एनएसएसचं शिबिर, गावातल्या कुणाचा योजनेचा फॉर्म भरून दिलास, बहिणीचं ॲडमिशन केलंस, सगळं. काही नाही असं लिहायचं नाही. मग ती यादी मला पाठव, नाव-नंबर वगळून, मी पेन घेऊन बसते.